पाणचक्कीची पाटी

अहो सायकलवाले, जरा पाय टेकवा की! इकडे बघा, फाट्यावरची ही लोखंडी पाटीच बोलतेय. अंगावर सायकलीचं चित्र, खाली ‘जुनी पाणचक्की’ अशी अक्षरं आणि टोकाला बाण. एवढाच माझा संसार.

एका रंगाऱ्याच्या दुकानात माझा जन्म झाला. मोठी अक्षरं काढायची त्याला भारी हौस, म्हणून शेवटचा ‘क्की’ दाटीवाटीनं बसवावा लागला. सायकलींसाठी ही वाट आखली तेव्हा मला इथे आणून रोवलं. वाट अगदी सोपी, आजी-आजोबाही गप्पा मारत पार करतील अशी. आधी दगडी पूल, मग बंद पडलेलं रेल्वे स्टेशन आणि मी दाखवीन तिकडे, झाडांमागे, पाणचक्की.

ती सांभाळायच्या चक्कीवाल्या मावशी. त्यांच्या वडिलांनी तिथंच आयुष्यभर दळण दळलं होतं. पाहुणे आले की मावशी पाटाची फळी वर ओढायच्या, पाणी सुटायचं आणि लाकडी चाक घरघरायला लागायचं. मला झाडांमुळे चक्की दिसत नाही. पण घरघर कानावर आली की वाटायचं, चला, आपण धाडलेली माणसं पोचली!

मग एकदा दुधाच्या टँकरनं उलटा मागे येताना मला धडक दिली. पडले नाही, पण गर्रकन फिरले आणि बाण गेला डांबरी रस्त्याकडे. ड्रायव्हर उतरला, टँकरवरून हात फिरवला आणि निघून गेला. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही मेल्यानं!

तेव्हापासून सायकली माझं ऐकून सरळ जायला लागल्या. घरघर थांबली. मावशी बाजाराला जाता-येता माझ्या शेजारूनच जायच्या, पण ज्या वाटेवर जन्म गेला तिथली पाटी कोण वाचतं?

हंगाम संपता संपता ही वाट आखणाऱ्या साहेबांचा निरोप आला, माणसं फिरकत नाहीत, चक्की बंद करा. भाचा मावशींना शहरात न्यायला आला. गाडी येईपर्यंत त्यानं त्यांची पिशवी माझ्या बाणालाच अडकवली. मावशी माझ्या पायाशी ट्रंकेवर बसल्या.

“माझंच चुकलं रे,” त्या म्हणाल्या. “एक पोरगी चाकाजवळ गेली म्हणून मी खेकसले होते. तिनं सांगितलं असणार चार जणांना.”

“काहीतरीच काय मावशी! लोकांनाच जुन्याचा कंटाळा आलाय.”

“नाही रे. माझी जीभच तिखट.”

मला तोंड असतं तर बोंब मारली असती हो! मावशी, मान वर करा, वाचा! पण गाडी आली, भाच्यानं पिशवी काढून घेतली आणि दोघं गेली.

थोड्याच दिवसांनी एक कामगार आला. त्यानं शिवी हासडत मला पुन्हा जागेवर फिरवलं. आता सायकली बरोबर वळतात आणि लगेच परत येतात. “कुलूप आहे,” असं एकमेकांना सांगतात आणि माझ्याकडे रागानं बघतात. मी आपली कान लावून उभी असते. फार एकटं वाटतं.

तुम्ही शहरातले ना? मग एवढं काम करा. तिथं एखाद्या गॅलरीत, कुणाला लागू नये म्हणून तोंड मिटून बसलेली बाई दिसली तर विचारा, तुम्ही चक्कीवाल्या मावशी का? आणि त्यांना सांगा, तुमच्या बोलण्यानं कुणी तुटलं नव्हतं. पाटी फिरली होती.