दोन डब्यांना एक उकिया

वदादने टाकीत डोके आणि खांदे घातले होते, त्यामुळे बाहेर उभा असलेला अबू तन्नूस काय म्हणतो ते तिला अर्धेच ऐकू येत होते.

"पोरी, बाहेर नुसते तुझे पाय दिसतायत. कुणी आलं तर म्हणेल, मन्सूरच्या बायकोला टाकीनं गिळलं."

"इथं कोण येतंय," ती आतून म्हणाली. "तळाचा सांधा अजून खरखरीत आहे. बोटाला लागतोय."

"बोटाला लागतोय म्हणे. चाळीस वर्षं डाग देतोय मी. माझ्या सांध्यावरनं आजवर कुणी बोट नाही फिरवलं."

"तेलाला चालतं तसं. मला नाही चालायचं."

म्हातारा कुरकुरत घासायचे चाक शोधायला गेला. टाकी बंद पडलेल्या तेलघाण्याची होती, चारशे लिटरची, भंगाराच्या भावात मिळालेली. ऑलिव्हच्या तेलाचा अंश राहिला तर बिअरवर फेस धरत नाही, म्हणून वदादने ती कॉस्टिकच्या कढत पाण्याने तीनदा धुतली होती आणि दर वेळी आतल्या भिंतीवर साधे पाणी सोडून पाहिले होते. पाण्याचा पडदा अखंड खाली उतरला तर पत्रा स्वच्छ. कुठे फाटला तर तिथे तेल आहे. तिसऱ्या वेळी पडदा एकाच जागी, रुपयाएवढा फाटला. तिने चौथ्यांदा धुतली.

घराखालच्या दगडी कमानीच्या खोलीत पूर्वी सासऱ्यांची जनावरे असत. भर उन्हाळ्यातही तिथे गारवा असे, आणि दिवसातून दोन तास वीज येणाऱ्या गावात गारवा फुकट मिळणे ही मोठी गोष्ट होती. दूध थंड करायचे एक जुने भांडे, कुणाच्या तरी मोडलेल्या बंबातली तांब्याची नळी, विहिरीवरचा हातपंप. वदादने कफर लोजच्या दूधसंघात चोवीस वर्षे प्रयोगशाळा सांभाळली होती. संघ बंद पडला, तिचे निवृत्तीचे पैसे बँकेत अडकले ते अडकलेच. टाकी आणि माल्ट हातातल्या तीन बांगड्यांतून आले.

गावात सगळ्यांना वाटे, विधवा बाई आहे, पोटासाठी काहीतरी करतेय. पोटासाठी तिला चारशे लिटर लागत नव्हते. चारशे लिटर तिला नजीबसाठी हवे होते.

नजीब तिचा दीर. तीस वर्षे आफ्रिकेत, आबिजानला व्यापार करून परतला, तेव्हा मन्सूर आजारी होता. बैरूतच्या इस्पितळात सात आठवडे वदाद नवऱ्याच्या उशाशी बसून होती आणि झाडांना पाणी घालायला घराची किल्ली नजीबकडे होती. मन्सूरला पुरून घरी आली, तर स्वयंपाकघरातल्या फळीवरची तिची बिअरच्या कृतीची निळी वही नव्हती आणि फ्रिजमधली यीस्टची बरणी नव्हती. आठ महिन्यांनी हमरस्त्यावर नजीबचा बिअरचा कारखाना उभा राहिला. बाटलीवर मन्सूरचा लग्नातला फोटो, मिशीसकट, आणि खाली नाव: मन्सूर.

मन्सूरला पाणीसुद्धा धड उकळता येत नसे. बावीस वर्षे वदाद घरात वीस वीस लिटर बिअर करत आली, आणि मन्सूर ती अंगणात पाहुण्यांना ओतत आला. ओतणाऱ्याचे नाव झाले. मन्सूर कधी खोटे बोलला नव्हता. पाहुणे वाखाणायचे तेव्हा तो नुसता हसायचा आणि आत, तिच्याकडे बघायचा. त्या बघण्यावर ती समाधानी होती.

मग टीव्हीवर कारखान्याची बातमी आली. त्यातल्या मुलीने नजीबला विचारले, भावाबरोबर त्याची बायकोही हे काम करायची का. नजीब हसला. म्हणाला, वहिनी होती ना, बाटल्या धुवायला.

वदाद तेव्हा शेजारणीकडे बसली होती. बातम्या संपेपर्यंत बसली, हवामानाचा अंदाज ऐकला, मग घरी येऊन वाळलेले कपडे घड्या करून ठेवले. रडणे, भांडणे, चारचौघांत सांगणे यांतले काहीच तिने केले नाही. कुणी विश्वास ठेवला नसता. तिने ठरवले ते एवढेच, की पंधरा ऑगस्टला, मर्यममाउलीच्या सणाला, देवळापुढच्या चौकात त्याच्या दुकानाशेजारी आपले दुकान लागले पाहिजे. लोकांनी एक घोट त्याचा घ्यावा, एक तिचा. मग ज्याने त्याने ठरवावे, वही कुणाची होती. यीस्ट तिच्याकडे होते. बरणी गेली तरी दूधसंघाच्या प्रयोगशाळेत तिने त्याच्या चार नळ्या राखून ठेवल्या होत्या, आणि संघ बंद पडला तेव्हा त्या घरी आणल्या होत्या.

पहिला घाणा तिने मे महिन्यात घातला. वहीतले सगळे तिला पाठ होते, विसाने गुणायचे एवढेच काम. महिन्याने तोटी उघडून अबू तन्नूसला पेला दिला. त्याने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"काय?" तिने विचारले.

"माझी सासू आठवली," तो म्हणाला.

चारशे लिटर कडूजहर. तिने सगळे बागेत सोडून दिले, अंजिराच्या झाडांना, आणि दोन दिवस वरच्या खोलीत कागद घेऊन बसली. चूक वजनात नव्हती. चूक वेळेत होती. आच बंद केल्यावर माल्टच्या काढ्यात कडू नारिंगाची साल घालायची. घरातले वीस लिटरचे पातेले विहिरीच्या पाण्याच्या घंगाळात ठेवले की अर्ध्या तासात निवते. टाकी निवायला साडेचार तास लागले होते. साल तेवढा वेळ शिजत राहिली, आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातला सगळा कडवटपणा उतरला. भांडे मोठे झाले की उष्णता आत कोंडून राहते, हे तिला शाळेपासून माहीत होते. सालीला ते लागू होईल हे सुचले नव्हते.

उपाय सोपा निघाला. लबने, म्हणजे दह्याचा चक्का, गाळायच्या कापडी पिशवीत साल बांधायची, दोरीने टाकीत सोडायची, वीस मिनिटांनी वर ओढून काढायची. मग काढा निवेना का दिवसभर. दुसऱ्या घाण्याच्या माल्टसाठी तिने शिवणयंत्र विकले.

जुलैच्या सुरुवातीला नजीब आला. हातात मिठाईचा डबा, पायात आबिजानचे पांढरे बूट. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात बसला. तिने कॉफी टाकली. आधी तिच्या तब्येतीची चौकशी झाली, मग उन्हाची, मग विजेची. मग त्याने सांगितले की अबूनांनी, म्हणजे गावच्या पाद्रींनी, तिला चौकात जागा दिल्याचे त्याला कळले आणि आनंदच झाला. कॉफीचा दुसरा कप भरेपर्यंत तो मुद्द्यावर आला. त्याच्या बिअरला ती चव येत नव्हती. मन्सूरचे जुने दोस्त पितात, मान हलवतात, आणि म्हणतात, चांगली आहे, पण ती नाही.

"वहिनी, आपण घरचीच माणसं," तो म्हणाला. "बाटलीवर भावाचं तोंड आहे. त्याची लाज तुम्हालापण असेलच की."

त्याने खिशातून छापील कागद काढून टेबलावर सरळ केला. त्याने बैरूतहून आणलेल्या, परदेशात शिकलेल्या माणसाने तिची वही ग्रॅममध्ये उतरवून घेतली होती. वदादने कागद वाचला. एका ओळीवर तिची नजर थांबली. दर चाळीस लिटरना नारिंगाची साल, अठ्ठावीस ग्रॅम.

अठ्ठावीस.

वहीत तिने लिहिले होते, दोन डब्यांना एक उकिया. डबा म्हणजे तेलाचा, वीस लिटरचा. आणि उकिया म्हणजे तिच्या सासूच्या तराजूतला, दोनशे ग्रॅमच्या वर भरणारा, बारांचा एक रतल, म्हणजे अडीच किलो, होणारा. पण बाहेरच्या पुस्तकांत औन्सालाही उकियाच म्हणतात, आणि औन्स भरतो अठ्ठावीस ग्रॅम. शिकलेल्या माणसाने शिकलेला उकिया घेतला होता. तीन वर्षे नजीब मन्सूरचा फोटो लावून जवळजवळ बिनसालीची बिअर विकत होता.

तिला हसू आले, ते तिने कपाआड लपवले. गप्प राहायचे की सांगायचे? गप्प राहिली तर त्याची बिअर आहे तशी मिळमिळीत राहील. मिळमिळीत बिअर लोक पितात, विसरतात, पुन्हा पितात. तेवढ्याने तिचे भागणार नव्हते.

"हा उकिया पुस्तकातला नाही, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या आईच्या तराजूतला आहे."

नजीबने ती ओळ पुन्हा वाचली. मग कपाळावर हात मारला.

"म्हणजे सात-आठ पट? माझ्या हजार लिटरला..."

"पंचवीस उकिये. पाच किलोच्या थोडं वर."

"आणि घालायची कधी?"

"आच बंद केल्यावर. वहीत लिहिलंय तसंच."

"अजून काही?"

"वहीत जे आहे ते एवढंच," वदाद म्हणाली, आणि त्यात एक अक्षर खोटे नव्हते.

काढायची कधी, असे त्याने विचारले असते तर ती काय म्हणाली असती, हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारले. त्याने विचारले नाही. उठताना त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाला, मनात काही ठेवू नका. ती म्हणाली, काहीच ठेवलेले नाही. तो गेल्यावर तिने त्याचा कप धुतला आणि कागदाच्या कोपऱ्यावर सहज हिशेब केला: हजार लिटर, झाकलेले भांडे, मधूनमधून वीज. निवायला आठ तास तरी. तिला इतकी शांत झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सणाच्या दिवशी प्रार्थना सुटली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. गहू-मटणाच्या हरीसाच्या कढया देवळाच्या भिंतीला लागून मांडल्या होत्या आणि लोक वाडगे घेऊन उभे होते. नजीबच्या दुकानावर मन्सूरचे माणसाएवढे चित्र. वदादच्या दुकानावर नुसते एक टेबल, बर्फात ठेवलेली दोन पिंपे आणि तोटीवर अबू तन्नूस, इस्त्रीच्या सदऱ्यात.

पहिली गर्दी अर्थात नजीबकडे झाली; नव्या घाण्याच्या बाटल्या तो तिथेच पहिल्यांदा उघडत होता. वदाद पेले पुसत राहिली. तिने पहिला माणूस पाहिला, दुसरा पाहिला. तोंडे वाकडी होताना पाहिली. एकाने शेजाऱ्याला विचारले, तुझीपण तशीच का. कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "मन्सूर कडू झाला रे," आणि हशा उसळला. दुसरा म्हणाला, "चार वर्षं झाली की जमिनीत. तू गोड राहिला असतास होय?"  इतकी वर्षे ती याचीच वाट पाहत होती. हळूहळू माणसे तिच्या टेबलाशी आली, प्यायली, थांबली, पुन्हा पेला पुढे केला. बायका एकमेकींना सांगू लागल्या, वदादची घ्या. वदादची. तिने ते शब्द मोजले नाहीत, पण एकही सुटू दिला नाही.

नजीब खुर्चीवर बसून बुटांकडे बघत होता. बैरूतचा माणूस कधीच निघून गेला होता.

तासाभराने हन्ना आला. मन्सूरचा सगळ्यांत जुना दोस्त. बावीस वर्षे दर शनिवारी त्यांच्या अंगणात बसलेला. त्याच्या हातात नजीबची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. ती त्याने भिंतीवर ठेवली आणि वदादचा पेला एका दमात संपवला.

"ही खरी बिअर," तो म्हणाला. "वदाद, आज तुला खरं सांगतो. त्याला काही येत नव्हतं बघ. आम्ही आपले फुकटची म्हणून प्यायचो अन् वा वा करायचो. आज त्याच्या नावाची चाखली अन् कळलं."

"कुणाला?" तिने विचारले.

"मन्सूरला, अजून कुणाला."

तो हे प्रेमाने बोलला होता, तिची बाजू घेऊन. वदादने त्याच्या मागे पाहिले. चौकाच्या लांब भिंतीवर ओळीने बाटल्या होत्या, एकेक घोट घेऊन टाकून दिलेल्या, आणि प्रत्येकीवर मन्सूर हसत होता. एक लहान मुलगी एकेक बाटली उलटी करून मुंग्यांच्या वारुळात ओतत होती. कुणी तिला अडवत नव्हते.

तिने नजीबला मारायला जे उचलले होते, ते कुणाला लागले हे तिला तिथे, हातातले फडके तसेच धरून, पहिल्यांदा दिसले. तिला पश्चात्ताप झाला असे नाही. नजीबबद्दल तर मुळीच नाही. पण हन्नाला उत्तर द्यायला तिने तोंड उघडले आणि तिला सांगण्यासारखे एकच होते: अंगणातली ती चांगलीच होती, मी केलेली होती, आणि ही कडू झाली तीही माझ्यामुळे. तिने तोंड मिटले.

अबू तन्नूसला तिने तोटी सांभाळायला सांगितले. तो म्हणाला, पोरी, रांग आहे. ती म्हणाली, असू दे. ॲप्रन काढून, घडी करून टेबलावर ठेवला आणि मोकळ्या उन्हातून पलीकडे गेली. बोलणी थांबत गेली तसे तिला कळले की सगळे बघतायत.

"एक दे," ती नजीबला म्हणाली.

त्याने वर पाहिले. डोळे लाल होते. "नको, वहिनी. कडू आहे."

"माहीत आहे मला."

त्याने बाटली उघडून दिली. तिने लेबल स्वतःकडे वळवून धरले आणि तिथेच उभ्याने पिऊ लागली. घाई केली नाही. तोंड वाकडे केले नाही. मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबली, तेव्हा हन्नाने डोक्यावरची टोपी काढलेली तिला दिसली. बाटली रिकामी झाल्यावर तिने ती फळीवर ठेवली आणि दुसरी मागितली.