वेगळी चूल

निळीची पोर मी विकली, हे आधीच सांगून टाकते. चार वर्षांची होती. सारखी आईच्या पदराला लटकायची, रंगाच्या हंड्याशी काम होईना, म्हणून एका फिरत्या व्यापाऱ्याच्या गाडीत बसवून दिली. वाईट वाटलं का? छे! जुनं भांडं देताना वाटतं का?

आमच्या गावात विकतची माणसं मुकी असतात, असंच सगळे धरून चालायचे. त्यांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. लहानपणी आईला विचारलं, तर म्हणाली, "रवंथ करतात गं." झालं, पटलं मला. निळीचे हात कोपरापर्यंत निळे, म्हणून ती निळी. वीस वर्षं ती रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहून ओठ हलवायची आणि मी तिला कामं सांगायचे.

मग मुलानं नदीपलीकडची बायको केली. पहिल्याच सकाळी ही बया निळीला म्हणते, "काय म्हणालात, मावशी? पुन्हा सांगा." म्हटलं, डोक्यावर पडलीये. पण दुसऱ्या दिवशी मुलगाही हंड्याजवळून पांढराफटक होऊन आत आला. "आई, ती बोलते."

ज्याला ऐकू येतं, त्याच्या ताटातलं खाल्लं की खाणाऱ्यालाही ऐकू येतं. नदीपलीकडे हे कधीच होऊन गेलं होतं म्हणे. मुलाचा घास न्हाव्यानं खाल्ला, न्हाव्याचा त्याच्या सासूनं, आणि बघता बघता आळीच्या आळीला ऐकू यायला लागलं. लोकांनी विकतची माणसं सोडून दिली. चांगुलपणानं नव्हे हो, झोप लागेना म्हणून! सुनेनं निळीलाही मोकळं केलं. ती गेली नाही.

मी मात्र वेगळी चूल मांडली. वीस वर्षांचे शिव्याशाप ऐकायची धमक नव्हती माझ्यात. मुलगा म्हणायचा, "आई, एकदा ऐक, तिला उत्तर तुझ्याकडूनच हवंय." ती काय म्हणते ते सांगायला लागला की मी कानांवर हात ठेवायचे.

नात तीन वर्षांची झाली होती. एका दुपारी मांडीवर चढली, स्वतःच्या तोंडातला अर्धा घास काढून माझ्या ओठांना लावला. "आजी, आ कर." मला कळत होतं. शप्पथ, कळत होतं. पण पोर हिरमुसली असती. मी आ केला.

दुसऱ्या सकाळी निळी आली. शिव्या नव्हत्या. "बाई, पाणी तापलंय. कुंपणाशी मांजर व्यायलीय. माझी पोर कुठं दिलीत?" सगळं एका सुरात. बोलली आणि वळलीसुद्धा. उत्तराची वाट बघायची सवयच मोडली होती तिची.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

ती थांबली.

"खरंच माहीत नाही गं. कुठं नेतोस, हे विचारलंच नाही मी त्याला."

रडेल, अंगावर येईल असं वाटलं. "मग विचारून या," म्हणाली.

"आता बाई झाली असेल ती. ओळखू कशी?"

"माझ्यासारखी दिसते."

आणि मला लाज वाटली, कारण निळी कशी दिसते ते मी कधी बघितलंच नव्हतं. तिला उजेडात बसवलं आणि बघितलं. डाव्या भुवईत खोच आहे, हनुवटी रुंद आहे.

दोन वर्षं हिंडतेय. व्यापारी मेलाय. त्याचा मुलगा म्हणतो, "आजी, एकेक तोंड कोण लक्षात ठेवतं?" रंगाच्या घरातली पोर रंगाऱ्यांकडेच खपते म्हणे, म्हणून गावोगावची कापड रंगवणारी घरं धुंडाळते. रस्त्यानं चालले की भिंतींआडून येतं, माझी पोर कुठं आहे, माझा मुलगा कुठं दिलात, आणि मालक शेजारीच निवांत जेवत असतात. कुणी आग्रहानं बसवलं तर जेवते, आणि माझ्या ताटातला घास त्यांच्या मुलांना भरवते. मुद्दाम. आता माझी बातमी माझ्याआधी पोहोचते आणि दारं लागतात.

काल घरी आले. निळी अंगणात उभी होती.

"नाही सापडली," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, पाणी दिलं, मी पिईपर्यंत थांबली.

"बरं," म्हणाली. "उद्या खालच्या वाटेनं जा."