रोवणीसाठी बंद

शहापूरच्या सडकेवर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि शेजारी आसारामची खाणावळ. खाणावळ म्हणायची आपली. कुडाच्या भिंती, वर टिनं, आत दोन बाकं. पण आसारामची बायको रेवताबाई मासोळीचा असा काही रस्सा करायची, की जवाहरनगरच्या फॅक्टरीतली एकटी राहणारी माणसं बघता बघता तिथली होऊन गेली. कुणी केरळचा, कुणी बंगालचा. घर कुठच्या कुठं, आणि इथं एक बाई ‘अजून भात घ्या’ म्हणून आग्रह करतेय. माणूस आणखी काय मागतो?

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. आसाराम मूळचा करडी गावचा, धानाचा शेतकरी. शेती थोरल्या भावावर सोपवून तो इथं आला खरा, पण त्याचं अर्धं चित्त बांधावर. वाढता वाढता बाहेर जाऊन आभाळ बघायचा. मी चिडवायचो, “आसाराम, ढग नंतर पाह्य. आधी त्या मानसाच्या भातावर रस्सा टाक.”

आषाढात थोरल्याचा, तुलारामचा, निरोप आला. धानाची रोपं लावायची रोवणी लागली, दोघंही या. आमच्याकडे एखाद्या लग्नाला नाही गेलात तर लोक विसरतील. पण रोवणीला घरचं माणूस चिखलात उतरलं नाही, तर ते घरातून गेलंच असं धरतात.

रेवताबाई म्हणाली, “तुमी जा. मी इथं चालवीन. निर्मलाबाई हाये मदतीले.”

“अन् गावात काय सांगू? घरची सून हाटेलात बसली म्हनून?”

“सांगा, लोक जेवाले येऊन राह्यले. त्याइले उपाशी ठेवून कायले जायचं?”

“थोड्या दिवसाची तं गोष्ट. कुठं जातेत लोकं?”

मी मध्ये बोललो, तर मलाच म्हणाला, “तू सायकलवाला, तुले रोवणी काय समजते?” खरंच होतं ते. पण भूक मला समजत होती. दारावर खडूनं ‘रोवणीसाठी बंद’ लिहून तो बायकोला घेऊन निर्धास्त निघाला. करडीत हे वाचून सगळ्यांनी मान डोलावली असती. फॅक्टरीच्या भोंग्यावर जेवणाऱ्यांना त्याचं काय?

त्यात मधेच पावसानं दडी मारली आणि रोवणी लांबत गेली. इकडे भांडी घासणाऱ्या निर्मलाबाईला दारावरून परतणाऱ्यांची दया आली. तिनं आधी दोघांना आपल्या पडवीत जेवू घातलं, मग चौघांना, मग सगळ्यांनाच. तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. उपाशी माणसाला ताट वाढणं हा काही गुन्हा नाही.

आसाराम परतला, चुली पेटल्या, पण बाकं भरली नाहीत. जुनी गिऱ्हाइकं थांबायची, नमस्कार करायची, धान कसं आहे विचारायची आणि निर्मलाबाईच्या पडवीकडे वळायची. आसाराम हसून उत्तर द्यायचा. मला ते बघवत नसे.

पुढच्या आषाढात पुन्हा निरोप आला. आसारामनं भावाला ‘येत नाही’ म्हणून कळवलं. तुलारामनं मजूर लावून रोवणी उरकली आणि बोलणं टाकलं. इकडे रेवताबाई रोज रस्सा करत होती आणि दार सताड उघडं होतं.

एका दुपारी मी जेवायला गेलो. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आसारामही माझ्याशेजारी बसला. दोन घास खाऊन बायकोकडे बघत म्हणाला, “यंदा बंद नाही ठेवलं मी.”

तिनं त्याच्या ताटात भात वाढला. आवाज जरासुद्धा चढला नाही.

“हो जी,” ती म्हणाली. “पन लोक तं मागच्या साली होते.”