मागच्या दारातली झडप

मित्रांनो, मी दिसायला मोठी नाही. साडेसहा इंच रुंद, सात इंच उंच. जुन्या सागाची फळी, वरच्या कडेला चामड्याची पट्टी, एवढंच माझं रूप. माणसं माझ्यावरून जातात आणि त्यांना मी दिसतही नाही, कारण माझ्यातून जायचं तर चार पायांवर यावं लागतं. मी मांजराच्या येण्याजाण्यासाठी दारात बसवलेली झडप आहे.

जन्मतः मी झडप नव्हते. इंदूरच्या छत्रीबागेत एका भाड्याच्या घराला स्वयंपाकघराचं दार होतं, ते मागच्या अंगणात उघडायचं. त्या दाराच्या खालच्या फळीचा मी एक भाग होते. घरात तीन माणसं राहायची. प्रतापराव, त्यांचा मुलगा बाळकृष्ण आणि सून अरुंधती. प्रतापरावांनी होळकरांच्या संस्थानात दप्तरखाना सांभाळला होता. बत्तीस वर्षं तिथल्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला होता. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तेव्हा त्यांनी किल्ल्या नव्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि जुडग्याची रिकामी चामडी पट्टी तेवढी घरी आणली. बाळकृष्ण नव्या सरकारात कारकून झाला. हे सरकार उन्हाळ्यात इंदूरला असायचं आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला, त्यामुळे थंडीचे महिने तो फायलींच्या पेट्यांबरोबर तिकडे जायचा. अरुंधती मुलींच्या शाळेत शिकवायची. मूलबाळ नव्हतं. घरात एक मांजरी मात्र होती, भुरी.

किल्ल्या गेल्या तरी प्रतापरावांची सवय गेली नव्हती. घराबाहेर पडताना ते प्रत्येक कडी ओढून बघायचे, कुलूप लावून तीनदा हिसका द्यायचे आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन पुन्हा परत यायचे.

पन्नास सालच्या मे महिन्यात तिघंही देवासला लग्नाला गेले. भुरीला तेव्हा बारा दिवसांची तीन पिल्लं होती, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या टोपलीत. निघायच्या वेळी भुरी बाहेर होती. कुलूप लागलं. देवासची मोटार पकडायची घाई होती.

भुरी परत आली ती माझ्याचपाशी. मित्रांनो, ते दोन दिवस मी विसरलेले नाही. आतून पिल्लं ओरडत होती आणि बाहेरून ती मला ओरबाडत होती. मी लाकूड. माझ्या अंगावर नखांचे चर उठत गेले, पण वाट काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आतला आवाज कमी झाला.

मंडळी परतली तेव्हा दोन पिल्लं गेली होती. तिसरं अरुंधतीनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं. ते पुढे खजरान्याला तिच्या एका मैत्रिणीच्या घरी वाढलं. अंगणापलीकडे अंबिकाबाई राहायच्या, त्यांचे यजमान गिरणीत होते. त्या येऊन म्हणाल्या, "दोन दिवस ती बिचारी दारावर डोकं आपटत होती हो. मी तरी काय करणार? चाबी मागू कुणाला?"

चार दिवसांनी जेवायला वाढताना अरुंधतीनं सांगितलं, "मामंजी, मागच्या दाराला खाली भोक पाडून घेणार आहे मी. भुरीसाठी."

प्रतापरावांचा घास हातातच राहिला. "दाराला भोक म्हणजे घराला भोक, सूनबाई. उद्या कुणी हात घालून कडी काढेल."

"मग कडीपासून लांब पाडू."

"आजवर कुणी पाडलंय का असं?"

"आजवर आपण पिल्लं कोंडली नव्हती," अरुंधती म्हणाली, आणि भाकरी आणायला आत गेली.

बाळकृष्णानं वडिलांकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं आणि जेवत राहिला. दुसऱ्या दिवशी मांगीलाल मिस्त्री करवत घेऊन आला. तो दाराकडे आणि प्रतापरावांकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, "बाईसाब, छेद तो कर दूँगा. पर बड़े साब की मरज़ी?"

प्रतापराव ओसरीवर पाठ करून बसले होते. तसेच बसून म्हणाले, "करायचंच आहे तर कडीच्या विरुद्ध कोपऱ्यात कर. और नाप लेके कर. अंदाज़ से नहीं."

माप घ्यायला शेवटी तेच उठले. कचेरीतली फूटपट्टी आणली, ताटलीत दूधपोळी कुस्करली आणि भुरी खात असताना तिच्या मिशांची रुंदी मोजली. म्हणाले, "मिशी जिथून जाते तिथून मांजर जातं." मग खांद्याची उंची मोजली, आकडे कागदावर लिहिले आणि कागद मांगीलालला दिला. अशी मी दारातून कापला गेलेला तुकडा झाले. मला कुणी विचारलंच नाही. मी अंगणातल्या जळणाच्या ढिगावर जाऊन पडले. समोरच पाणी तापवायचा बंब होता. रोज सकाळी एक हात ढिगात यायचा आणि माझ्या शेजारचं लाकूड उचलून न्यायचा.

भोकावर आधी मांगीलालनं पत्र्याची झडप लावली. ती खणकन वाजायची. पहिल्याच दिवशी भुरीच्या शेपटीचे केस पत्र्याच्या कडेत अडकले, आणि मग ती अंगणात बसून पत्र्याकडे नुसती बघत राहायची. पत्रा काढून गोणपाटाचा पडदा लावला. त्यातून भुरी खुशाल जाऊ लागली, पण तिच्यामागून उन्हाळी वाऱ्याची, लूची धूळ आली, उंदीर आला, आणि एकदा तर शेजारच्या कोंबडीचं पिल्लू थेट पिठाच्या डब्यापाशी सापडलं. प्रतापराव म्हणाले, "मी सांगत होतो." असं ते दिवसातून दोनदा म्हणायचे.

एके सकाळी बंब पेटवायला तेच आले. त्यांचा हात माझ्यावर पडला. त्यांनी मला उलटंसुलटं केलं. नखांच्या चरांवरून त्यांचा अंगठा फिरला आणि तिथेच थांबला. बंबात घालायचं लाकूड हातात घेऊन माणूस इतका वेळ उभा राहत नाही.

"सागवान आहे," ते अरुंधतीला म्हणाले. "जाळता काय? ज्या भोकातनं निघालं त्यातच बरोबर बसेल. जरा घासून घ्यायला सांग, म्हणजे कडेला अडकणार नाही. और बिजागरी लोखंडाची नको, वाजते." मग ते आत गेले आणि जुडग्याची चामडी पट्टी घेऊन आले.

अशी मी माझ्याच जागी परत आले. फक्त आता मी हलत होते. भुरीनं मला हुंगलं, कपाळानं ढकललं आणि पलीकडे गेली. आवाज झाला नाही. त्या उन्हाळ्यात छत्रीबागेतली बरीच माणसं वाकून मला बघून गेली. मुलं हात घालून बघायची. प्रतापराव प्रत्येकाला माप सांगायचे, मिशीपासून सुरुवात करून.

पण माझ्यामुळे एक भांडणही झालं. भुरी आता मनाला येईल तेव्हा बाहेर पडायची, आणि अंबिकाबाईंच्या दुधावरची साय तिला फार आवडायची. तिसऱ्यांदा साय गेली तेव्हा अंबिकाबाई रिकामं पातेलं घेऊनच आल्या. "काकासाहेब, तुम्ही तिला फाटक करून दिलं. आता माझ्या दुधावर पहारा कोण देणार?"

प्रतापराव म्हणाले, "दूध झाकायचं असतं, एवढं तर लहान पोरीलाही कळतं."

अंबिकाबाईंना मूल नव्हतं आणि घरात लहान पोरगी असावी अशी त्यांची फार इच्छा होती, हे प्रतापरावांच्या ध्यानात आलं नाही. त्या गुपचूप परत गेल्या. त्यानंतर तीन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. एकच अंगण, एकच नळ, पण एकजण आला की दुसरा आत जायचा.

चोपन्न सालच्या संक्रांतीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. बाळकृष्ण ग्वाल्हेरला होता. अरुंधती साडेदहाला शाळेत गेली आणि प्रतापरावांनी तिच्यामागे पुढच्या दाराला आतून अडसर घातला. मागच्या दाराला कडी होतीच. तासाभरानं ते चहा करायला आले आणि ओल्या फरशीवर पाय सरकून पडले. मी तो आवाज ऐकला. कंबरेत काहीतरी मोडलं होतं. त्यांनी हाका मारल्या, पण दोन्ही दारं त्यांनी स्वतःच इतकी नीट लावली होती की हाक बाहेर जाईना. कडी त्यांच्या डोक्यावर दोन हात उंच होती. ते कोपरांवर सरपटत माझ्यापर्यंत आले. तेवढ्याला बराच वेळ लागला. मग त्यांनी मला ढकललं आणि हात बाहेर काढला.

अंबिकाबाई अंगणात तीळ वाळत घालत होत्या. मांजराच्या झडपेतून माणसाचा हात बाहेर आलेला बघून त्या क्षणभर जागेवरच थबकल्या. मग सूप खाली ठेवून धावत आल्या.

"काकासाहेब? काय झालं?"

"पडलोय. उठता येत नाही."

त्यांनी शेजारच्या बाईला शाळेत पिटाळलं आणि तिकडूनच मांगीलालला बोलावून आणायला सांगितलं. स्वतः जमिनीवर बसल्या आणि तो हात दोन्ही हातांत धरला. वाटीतून पळीपळीनं पाणी आत दिलं. मी त्यांच्या मनगटांवर टेकून होते, म्हणून हे सगळं सांगू शकते.

"बोलत राहा," त्या म्हणाल्या. "डोळे मिटू नका. काही पण बोला."

प्रतापरावांनी एक घोट पाणी घेतलं. मग म्हणाले, "देवासला गेलो तेव्हा कुलूप मी लावलं. आत पिल्लू ओरडलेलं मी ऐकलं होतं, अंबिकाबाई. वाटलं, आई आत असेल. उघडून बघितलं नाही. मोटार चुकली असती."

अंबिकाबाईंनी हात सोडला नाही. "हं," त्या म्हणाल्या. "पाणी घ्या अजून थोडं."

"तुम्हालाही मी वाईट बोललो होतो."

"ते मी विसरले नाही. पण आता पाणी घ्या."

मांगीलाल आला. त्यानं मला पट्टीसकट उतरवून बाजूला ठेवलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. कडी काही सापडेना. घाम पुसत तो म्हणाला, "बड़े साब, हाथ नहीं पहुँचता. आपने ही तो दूर के कोने में करवाया था. दरवाज़ा काटना पड़ेगा."

ज्या माणसानं जन्मभर दारं राखली त्याला दार कापायला सांगणं सोपं नव्हतं.

"काट," प्रतापराव म्हणाले. "दारच आहे."

माझ्या जागेपासून वर करवत चालली. अरुंधती पोचली तेव्हा मांगीलाल कडी काढत होता.

प्रतापराव चार महिने अंथरुणावर होते. त्यांची खाट स्वयंपाकघराच्या भिंतीशी टाकली होती. मांगीलालनं दाराला आंब्याच्या लाकडाचं ठिगळ जोडलं आणि मला पुन्हा लटकवलं. अंबिकाबाई रोज दुपारी येऊन बसायच्या, अरुंधती शाळेतून येईपर्यंत. भुरी माझ्यातून यायची ती थेट खाटेवर, कंबरेपासून पायापर्यंत घातलेल्या पलिस्तराला पाठ लावून झोपायची. एका संध्याकाळी अरुंधती त्यांना पेज भरवत होती, तेव्हा त्यांनी तिलाही ते सांगितलं. पिल्लाचा आवाज ऐकला होता, हे.

अरुंधतीनं वाटी खाली ठेवली. "मीही ऐकला होता, मामंजी."

"तू?"

"तुमच्या मागेच उभी होते ना. म्हटलं, तुम्ही बघाल. तुम्ही नाही बघितलंत, म्हणून मीही गप्प बसले. मला लग्नाला जायचं होतं." तिनं पदरानं त्यांची हनुवटी पुसली. "भोक पाडायचा हट्ट उगाच नव्हता केला मी."

प्रतापरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोघंही रडली नाहीत. पेज मात्र गार झाली आणि ती पुन्हा ऊन करावी लागली.

पुढे ते काठीनं चालायला लागले. कड्या ओढून बघणं त्यांनी सोडलं नाही, फक्त त्याआधी ते घरभर फिरून "कुणी आहे का?" असं विचारायचे. पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर ते गेले.

दुसऱ्याच वर्षी मध्यभारतही गेला. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि बाळकृष्णाची बदली तिकडे झाली. सामान बांधलं, पण भुरी टोपलीत बसेना. तीनदा घातली, तीनदा उडी मारून पळाली. आता तीही म्हातारी झाली होती. अंबिकाबाई म्हणाल्या, "राहू दे तिला. घर सोडायचं तिचं वय नाही आता. मी आहे ना."

घरमालकानं नव्या भाडेकरूंसाठी ते ठिगळाचं दार बदलायला काढलं. अंबिकाबाईंनी मांगीलालला सांगून मला सोडवून घेतलं आणि आपल्या दाराला तेवढंच भोक पाडायला लावलं. मोजायची गरज नव्हती, माप सगळ्या छत्रीबागेला पाठ होतं.

मी नव्या दारात बसले, पण भुरी येईना. दोन दिवस ती जुन्या घराच्या नव्या, कोऱ्या दारासमोर बसून राहिली. अंबिकाबाईंनी ताटली ठेवली, हाका मारल्या. ती मान वळवून बघायची आणि पुन्हा तिकडेच तोंड करायची. मला वाटलं, आपली कामाची वर्षं संपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंबिकाबाई आत, माझ्यापाशी जमिनीवर बसल्या. गुडघे दुखत होते, तरी बसल्या. एका बोटानं त्यांनी मला वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. बोट दुखलं की दुसरं बोट लावायच्या. तांदूळ निवडायचे राहिले, नळ येऊन गेला.

"ये बाई," त्या हळूच म्हणाल्या. "साय काढून ठेवलीये. झाकलेली नाही."

उन्हं उतरायच्या सुमाराला भुरी उठली. अंगण ओलांडून आली, माझी कड हुंगली, आणि अंबिकाबाईंच्या हाताखालून आत गेली.

मित्रांनो, माझं आयुष्य सांगण्यासारखं आहे ते एवढंच. तुमच्याही घरी कधी कुणी नवं येईल, कदाचित मांजर, कदाचित माणूस. त्याला जागा करून दिली म्हणजे आपलं काम झालं, असं समजू नका. तो लगेच आत येणार नाही. सुरुवातीला थोडा वेळ कुणीतरी खाली बसून दार हातानं धरून ठेवावं लागतं. तेवढा वेळ त्याला द्या.