उजव्या डोळ्याचे थेंब

आमचे हे गवंडी. डावा डोळा मिटून उजव्याने दोरीकडे बघितलं की भिंत कुठे सूतभर सरकली ते सांगणार. घरात कुणाचंही न ऐकणारा हा माणूस ऐकायचा तो फक्त त्या उजव्या डोळ्याचं. आणि नेमका त्याच डोळ्यात गिलाव्याचा चुना उडाला. लगेच भरपूर पाण्याने धुतला, आग थांबली, पण बुबुळावरची जखम सहा आठवडे झाले तरी मिटेना. दोरी धुक्यात गेल्यासारखी दिसायची. हातात गोल जिन्याचं काम आलेलं. महिन्याभरात डोळा सुधारला नाही तर ते माझ्या धाकट्या भावाकडे जाणार होतं. भाऊ माझाच, म्हणून सांगते: जिना त्याने महिन्यात संपवला असता, टोमणे मात्र जन्मभर पुरवले असते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेरची औषधं झाली. आता तुमच्याच रक्ताला कामाला लावू."

रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं. लाल भाग तळाशी बसला की वरचं पिवळसर पाणी घ्यायचं. जखम भरायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स त्यात ठासून भरलेल्या. त्याचेच थेंब डोळ्यात घालायचे.

तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर नाचणारा माणूस सुई बघून भिंतीसारखा पांढरा पडला. मान वर करून छताकडे बघत बसले. "हे छत कुणी केलंय? कोपऱ्यात उतार आहे."

"हाताकडे लक्ष द्या," बाई म्हणाल्या.

"बाई, तिकडेच तर द्यायचं नाहीये!"

त्यानंतरच्या सगळ्या सूचना बाईंनी सांगितल्या, ऐकल्या मी. ह्यांचं छत चालूच होतं.

चार बाटल्या मिळाल्या. तीन बर्फाच्या कप्प्यात, एक फ्रिजच्या दारात. थेंब दिवसातून सहा वेळा. "माझं मी घालतो," म्हणाले, आणि प्रत्येक वेळी कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघ मारू लागले. रेघा अगदी ओळंब्यात. सातव्या दिवशी मी मोजल्या, बेचाळीस. मग बाटली उजेडात धरली. अर्ध्याहून जास्त भरलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराआडून बघितलं. हे आरशासमोर उभे, मान मागे, बाटली डोळ्यावर. पण बोटं काही दाबेनात. बाटली जागेवर गेली, कॅलेंडरवर रेघ पडली.

"अहो! हा काय तमाशा?"

चोरी पकडल्यावर माणूस आधी खोकतो. हे दोनदा खोकले. "दिवसाला दोनच घालतो. बाटल्या तीन महिने पुरतील. संपल्या की परत सुई ना!"

"आणि उघडलेली बाटली आठवड्याने टाकायची असते, हे बाईंनी कुणाला सांगितलं? छताला?"

"टाकायची?"

"उरलेलं सगळं. म्हणजे स्वतःचं रक्त जपून जपून तुम्ही मोरीत ओतायला ठेवलंत."

एवढा मोठा माणूस स्टुलावर मटकन बसला. आणि मग आम्हा दोघांना असं हसू लोटलं, की नवी बाटली वितळेपर्यंत थांबेना.

त्या दिवसापासून थेंब माझ्या हातात आले. सहा म्हणजे सहा. पुढच्या तपासणीला बाईंनी डोळ्यात रंग घातला, निळा दिवा लावला. जखम हिरवी चमकते म्हणे. आधी तांदळाच्या दाण्याएवढी होती, ती मोहरीएवढी उरली होती. चौथी बाटली संपल्यावर बाईंनी दिवा इकडून फिरवला, तिकडून फिरवला. "हिरवं शोधतेय, सापडत नाही." मी खुर्चीतून उठून बाईंचा हातच धरला. ह्यांनी समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याची शेवटून दुसरी ओळ न विचारता वाचून टाकली.

तिथून घरी न येता थेट जिन्यावर. मालकाला धीर निघत नव्हता, म्हणून भावाने दोन दिवसांपूर्वी खालच्या तीन पायऱ्या बांधून टाकल्या होत्या. ह्यांनी दोरी ताणली, डावा डोळा मिटला.

"दुसरी पायरी एका कडेला दोन सूत खाली आहे."

"दाजी, डोळा आत्ताच बरा झालाय, त्याला जरा विश्रांती द्या," भाऊ म्हणाला आणि लेव्हल ठेवली. आतला बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. भावाने लेव्हल उलटी करून ठेवली, फडक्याने पुसून ठेवली. बुडबुडा काही ऐकेना.

"ताई, तू तरी सांग ह्यांना!"

"मी काय सांगू? घण कुठे ठेवलाय तेवढं सांग."