माझ्यावर काढलेली फिल्म

"मला काय तोंड नाही का?" थोरलीने हातातला कांदा टोपलीत असा आपटला, की तो उसळून बाहेर पडला. "आई धडधाकट असताना चुलतीवर फिलम काढणार! लोक काय म्हणतील?"

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. तिच्या पोरीला शहरातल्या सिनेमा शिकवणाऱ्या कॉलेजात जायचं होतं. कितीतरी दिवस ती फोनवर कोर्स चाळत बसली होती. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी, आणखी काय काय. शेवटी पहिल्या पसंतीला कॅमेरा लिहिला. दुसरी पसंती रिकामी सोडता येईना, म्हणून तिथे ध्वनी लिहून मोकळी झाली. अर्जासोबत एका माणसाच्या रोजच्या कामावर छोटीशी फिल्म पाठवायची होती. आणि त्यासाठी पोरीने निवडलं मला.

तुम्हाला म्हणून सांगते, मला आतून उकळ्या फुटत होत्या. या घरात थोरली आधी आली, तेव्हापासून सगळ्यात तिचाच नंबर पहिला. कपाटाची किल्ली तिच्याकडे, कांद्याचा भाव ठरवायला ती, पाहुणे आले की पहिली हाक तिला. वर हुशार पोरगीही तिलाच. माझे दोन्ही चिरंजीव जेवायच्या वेळेला तेवढी ओळख दाखवतात. अशा घरात पहिल्यांदा कुणीतरी तिला सोडून मला निवडलं होतं.

"आई, तू कॅमेऱ्याकडे बघतेस गं," पोरगी समजावत होती. "फोन धरला की काम सोडून बघतच राहतेस. काकूचं तसं नाही. ती आपली खाली मान घालून कापत असते."

"कॅमेऱ्याकडे कोण मेलं बघतंय? मी तुझ्याकडं बघते."

पोरीने हातातला फोन खाली घेतला. आता ही विरघळते की काय म्हणून मी घाईघाईने मध्ये पडले. "जाऊ द्या ना ताई. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." आयुष्याचं मला काय पडलं होतं! मी तर तोंड धुऊन, केस विंचरून कधीची तयार होते.

शेडखाली नुकत्याच काढलेल्या कांद्यांचा ढीग पडला होता. मी कात्री घेऊन बसले. पात छाटायची, मुळं छाटायची, चांगला कांदा एकीकडे, नासका दुसरीकडे. पोरीने टोपली पालथी घालून तिच्यावर फोन टेकवला आणि थोरलीला फिल्ममध्ये दिसणार नाही अशी फोनच्या मागे बसवली. तिथे बसून बाईसाहेब सुरू झाल्या.

"एवढी लांब पात ठेवतेस? कांदा विकायचाय की बांधायचाय?"

पोरगी हातवारे करून गप्प राहायला सांगत होती. थोरली कुणाचं ऐकते!

"अगं, नासका चांगल्यात टाकलास! बघ, बघ, हात घाल. हिचं लक्षच नाही. सिनेमात गेली ना!" पदराने वारा घेतला आणि पुन्हा चालू. "ही नवी आली तेव्हा कांदा हातात घेतला की रडायची. सगळ्यांना वाटायचं, कांद्याने रडते. मला ठाऊक होतं, माहेराची आठवण काढून रडते. मीच हातातला कांदा काढून घ्यायचे, म्हणायचे, जा, तोंड धू. आता बघा कशी गुमान बसलीय."

तेवढ्यावर माझी कात्री क्षणभर थांबली. पण बोलायचं नाही, वर बघायचं नाही असं ठरलं होतं. मी दात आवळून कापत राहिले.

मग वारा सुटला, आभाळ काळं झालं आणि ढिगावर ताडपत्री ओढायला सगळ्यांचीच धावपळ उडाली. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. पुन्हा फिल्म काढायला सवडच नव्हती.

"आई, सगळीकडे तूच बडबडतेयस!" काढलेली फिल्म फोन कानाला लावून ऐकताना पोरगी रडायला लागली. "सगळं वाटोळं केलंस माझं!"

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. मी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, बरी जिरली!

फिल्म तशीच गेली. मुलाखतीचं बोलावणं आलं. पोरगी बापाबरोबर शहरात जाऊन आली आणि आम्ही गोण्या भरत होतो तिथे धावतच पोचली. कॅमेऱ्याला नंबर लागला नव्हता, ध्वनीला लागला होता.

"त्यांनी पहिलं हेच विचारलं, हा आवाज कुणाचा? म्हटलं, आईचा. मग आई दिसत का नाही? म्हटलं, मीच कॅमेऱ्याबाहेर बसवली. मग म्हणाले, नको होता तर आवाज पुसून का नाही टाकलास?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"खरं तेच सांगितलं. पुसून बघितला होता. पण मग नुसती एक बाई कांदे कापताना दिसते. काकू कोण, कशी, काहीच कळत नाही." पोरगी खुशीत होती. "ते म्हणाले, तुला कान आहे. कॅमेऱ्याचा हट्ट सोड."

नुसती एक बाई! पोरीच्या मनात वाकडं काही नव्हतं, मला कळत होतं. तरी भर बाजारात कुणी कानाखाली काढावी तसं झालं मला. थोरली एकाच वेळी हसत होती आणि रडत होती, आणि सगळे तिच्याभोवती जमले होते. गोणीचं तोंड शिवायचं सोडून मी तिच्याकडे बघत राहिले. इतका हेवा मला तिच्या किल्लीचाही कधी वाटला नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी पोरगी पुन्हा फोन घेऊन शेडखाली आली. कॉलेजात न्यायला घरातले आवाज हवेत म्हणाली. मी यावेळी गाफील राहणार नव्हते. थोरलीच्या आधी पुढे सरकले, घसा खाकरला, तोंड उघडलं आणि एक शब्द सुचेना. पोरगी वाट बघत होती. मी पुन्हा घसा खाकरला.

थोरलीने कात्री उचलून माझ्या हातात दिली.

"तू काप गं," ती अगदी मायेने म्हणाली, "तुझ्याबद्दल मी सांगते."