आखूड पायाचं इंजिन

"आखूड पायाचंच द्या," मिशाळ म्हणाला. "लांब पाय वाळूत रुततो. माझा धक्का उथळ आहे, वहिनी."

झुपकेदार मिशांमुळे सगळा किनारा त्याला मिशाळ म्हणे, आणि इंजिनांचं दुकान एकटीनं चालवणाऱ्या तिला वहिनी. इंजिनाचा पाणी कापणारा पंखा ज्या दांड्याच्या टोकाला असतो, त्याला तिथे पाय म्हणत. मिशाळच्या नव्या बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगायचं ती, उंच होती. आखूड पाय तिथून जेमतेम पाण्याला टेकला असता. शिकाऊ माणसानंही हे सांगितलं असतं.

मागच्या खेपेला तिच्या नवऱ्यानं, मिस्त्रींनी, सांगितलंच होतं. मिशाळनं ऐकलं नाही. बोट पाहुण्यांसकट पाण्यात मधोमध अडकली, तेव्हा मात्र या गृहस्थानं किनाराभर बोंब ठोकली, की मिस्त्रीला कळत नाही, चुकीचं इंजिन गळ्यात मारलं. गिऱ्हाइकं तुटली. भांडणं हा मिस्त्रींचा स्वभावच नव्हता. अंथरुणाला खिळल्यावर ते तिलाच विचारत, "मी सांगितलं होतं ना गं त्याला?" ती म्हणे, "सांगितलं होतंत." तसेच झुरत गेले बिचारे. त्या दिवसापासून मिशाळचं नाव काढलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

आणि आज तोच माणूस आपल्या पायांनी चालत आला होता. लांब पायाचं इंजिन कोपऱ्यात उभं होतं. एक शब्द बोलायचा अवकाश होता.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. त्याला चहासुद्धा पाजला.

चाचणीला मिशाळ एकटाच मागे बसला. त्याच्या वजनानं बोट मागून दबली, पंखा पाण्यात राहिला आणि बोट झकास पळाली. "बघा!" तो मिशीवर हात फिरवत म्हणाला. वहिनी गोड हसली.

बोट सोडायच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून धक्क्यावर गेली. मिशाळचे व्याही, विहीणबाई, तान्हं बाळ घेतलेली त्याची लेक, सगळे ऐटीत पुढे बसले. पुढचं टोक दबलं, मागचं उचललं गेलं. धक्का सुटून जरा पुढे जाताच पंखा हवेत भिरभिरला आणि इंजिन नुसतंच किंचाळू लागलं. बोट जागची हलेना. मग लाटेनं आडवी होऊन डोलू लागली. विहीणबाईंनी गळा काढला. किनारा खो खो हसला. वहिनीच्या पोटात गारगार वाटलं. बाळ रडू लागलं, तेवढं तिला टोचलं, पण तिनं नजर हटवली नाही.

एका म्हाताऱ्या नावाड्यानं दोर टाकून बोट ओढून आणली. मिशाळ भिजलेल्या पायांनी वर आला आणि ओरडला, "मला काय कळतंय इंजिनातलं? मिस्त्रीच्या दुकानातून जे दिलं ते लावलं!"

"परत तेच दुकान?" कुणीतरी म्हणालं. "म्हणजे तेव्हाही मिस्त्रीचंच चुकलं होतं तर."

माना हलल्या. वहिनीच्या पोटातला गारवा क्षणात गेला. ज्या खोट्यापायी मिस्त्री गेले, ते तिनं स्वतःच्या हातानं खरं करून दिलं होतं.

नावाडी दोर गुंडाळत तिच्याजवळ आला. माणूस मायाळू होता. हळूच म्हणाला, "जाऊ द्या हो, वहिनी. मिस्त्रींनाच नीट ठाऊक नसणार, ते तुम्हाला काय शिकवणार?"

मान डोलावली असती तर ती सहज सुटली असती.

"त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. आवाज चढला, तो तिनं चढू दिला. "तेव्हाही त्यांनी याला लांब पायाचंच घ्यायला सांगितलं होतं. मलाही त्यांनीच शिकवलं. आताही माझ्या दुकानात होतं ते. मी दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही."

हसणं थांबलं. मिशाळच्या लेकीनं बाळ छातीशी धरलं आणि ती वहिनीकडे बघत राहिली. मिशाळ तोंड उघडून उभा होता, पण त्याच्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं.

वहिनी घरी जायला वळली. लोकांनी तिला वाट करून दिली, एका बाईला लागते त्याहून बरीच रुंद. ती पदर सारखा करून त्या वाटेच्या मधोमध चालत गेली.